मोडकी छत्री, चावीचे खेळणे आणि तीन बाटल्या: पाण्याच्या जोरावर उडणारे रॉकेट

पावसाळा सरला की ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एखादी अशी छत्री निघते, जिच्या दोन काड्या मोडलेल्या असतात आणि दांडा अडकलेला असतो, पण कापड मात्र धडधाकट असते. दुरुस्तीला न्यावी तर कारागीर नवीन घ्यायला सांगतो आणि टाकून द्यावी तर जीव होत नाही. या लेखात त्या कापडाचे पॅराशूट, रेल्वेच्या डब्यात विकत मिळणाऱ्या चावीच्या बेडकाचे घड्याळ आणि थंड पेयाच्या तीन बाटल्यांचे रॉकेट कसे करावे, हे क्रमाने सांगितले आहे. तयार रॉकेट साधारण ६५ सेंमी उंच आणि रिकामे असताना २५० ग्रॅम वजनाचे होते. ६० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे पंपाच्या काट्यावरचे दाबाचे माप) दाबावर ते माझ्या मोजणीनुसार ४० ते ४५ मीटर, म्हणजे चौदा मजली इमारतीच्या आसपास चढते आणि छत्रीला लटकून सावकाश उतरते.

यात फटाक्यांची दारू नाही आणि आगही नाही; बाटलीत थोडे पाणी ठेवून पंपाने हवा दाबून भरली, की ती हवा पाणी तोंडातून खाली फेकते आणि रॉकेट वर जाते. दिवाळीत न फुटलेले फटाके सोलून त्यातली पूड नळीत भरण्याची कल्पना दर वर्षी कोणत्या ना कोणत्या मुलाला सुचतेच. ती मुळातच मोडून काढावी, कारण त्यात बोटे आणि डोळे जातात. शिवाय १८८४ च्या विस्फोटक अधिनियमाखाली आणि २००८ च्या नियमांखाली परवान्यावाचून असे मिश्रण तयार करणे हा गुन्हा आहे. मात्र पाण्याचे रॉकेट म्हणजे निरुपद्रवी खेळणे, हा समजही तितकाच चुकीचा आहे. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २१.७ मिमी असतो आणि ६० पीएसआय दाबाला त्या तोंडातून पाणी सुटू लागते, त्या क्षणी रॉकेटला मिळणारा रेटा जवळजवळ ३० किलो वजनाइतका असतो. सहाशे मिलिलिटर पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास बाहेर फेकले जाते. डोळ्याला पांढरा फवारा दिसतो, तोवर काम आटोपलेले असते.

म्हणून पुढच्या साऱ्या कामाला एकच नियम लावला आहे: दाब धरणारी प्रत्येक वस्तू नवी आणि पारखून घेतलेली असावी, बाकी सगळे भंगारातले चालते, किंबहुना भंगारातलेच जास्त शोभते.

दाबाची बाटली

सव्वादोन लिटरची, फसफसणाऱ्या पेयाची बाटली घ्यावी. साध्या पाण्याची बाटली कितीही जाड वाटली तरी घेऊ नये, कारण ती आतून दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते. सोड्याच्या बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो आणि कारखान्यात फुगवताना तिचे प्लास्टिक लांबीत आणि घेरात असे दोन्हीकडे ताणले जाते. तिची ताकद त्या ताणण्यात आहे. मे महिन्यात उघड्या टेम्पोत तापूनही ती फुटत नाही, ती यामुळेच.

भंगारवाल्याकडे अशा बाटल्यांची पोतीच्या पोती असतात, तरी ही एक बाटली तिथून उचलू नये. ती पोत्यात चेपलेली, तुडवलेली असते. घरी आणलेली, त्याच आठवड्यात संपवलेली बाटली घ्यावी आणि उजेडासमोर धरून पूर्ण फिरवून पाहावी. नखाला लागेल असा ओरखडा किंवा घडी पडून उमटलेली पांढरी रेघ दिसली, तर ती बाटली पॅराशूट ठेवण्याच्या वरच्या कप्प्यासाठी बाजूला ठेवावी. लेबलाचा डिंक खोबरेल तेलाने चोळून काढावा आणि बाटली साबणाने धुवावी. थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव लावू नये. गरम गोंदाची बंदूक, सुरी, सँडपेपर आणि तापवलेला खिळा या चार गोष्टी या बाटलीच्या जवळही आणू नयेत. हे प्लास्टिक ७० ते ७५ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि एकदा मऊ पडलेली जागा पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. जे काही जोडायचे ते चिकटपट्टीने जोडावे. धागे असलेली स्ट्रॅपिंग टेप सर्वांत चांगली. मी एका बाटलीवर पंधरा उड्डाणे करतो आणि प्रत्येक उड्डाणाची रेघ मार्करने शेपटीवर ओढून ठेवतो.

शेपटी: पंखांऐवजी कडे

बहुतेक चित्रांत पाण्याच्या रॉकेटला तीन-चार चपटे पंख असतात. ते देखणे दिसतात, पण उतरताना पहिला मार त्यांनाच बसतो आणि एक जरी किंचित वाकडा लागला तरी रॉकेट गिरक्या घेत एका बाजूला जाते. त्याऐवजी शेपटीला गोल कडे बसवावे. ते सर्व बाजूंनी सारखे काम करते, आपटले तर चेपून पुन्हा फुलते आणि रॉकेट त्यावर स्वतःच्या बळावर उभे राहते.

बाटलीचा व्यास ११ सेंमी धरला तर घेर साधारण साडेचौतीस सेंमी भरतो. कडे मात्र १५ सेंमी व्यासाचे हवे, म्हणजे बाटलीच्या आडोशातून बाहेर पडलेली वाहती हवा त्याला मिळते. त्यासाठी ४७ सेंमी लांबीची पट्टी लागते. तिसऱ्या बाटलीच्या मधल्या सरळ भागातून ७ सेंमी रुंदीचे कडे कापून ते एका जागी उघडावे आणि त्याच बाटलीतून कापलेला १४ ते १५ सेंमीचा तुकडा जोडून, दोन्ही सांध्यांवर एकेक सेंमी एकावर एक ठेवून, आतून-बाहेरून टेप लावावी.

कड्याला धरणाऱ्या चार पट्ट्या जाहिरातींच्या पोकळ प्लास्टिक बोर्डातून कापाव्यात. क्लास, दंतवैद्य, गाळे भाड्याने, असे बोर्ड मुदत संपल्यावरही खांबांना लोंबकळत असतात. तरी काढण्यापूर्वी लावणाऱ्याला विचारावे. चार पट्ट्या एकमेकींपासून समान अंतरावर येण्यासाठी मोजपट्टी वापरण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळून बरोबर घेराइतकी कापावी, तिची दोनदा घडी घालावी आणि उघडून पुन्हा गुंडाळावी. तीन घड्या आणि जिथे टोके जुळतात तो सांधा, मिळून चार जागा. पट्ट्या बाटलीच्या उतरत्या खांद्यावर बसवून कडे असे लावावे की त्याची खालची कड बाटलीच्या तोंडाच्या एक सेंमी खाली येईल. आता रॉकेट फरशीवर उभे करून दाराच्या चौकटीशी ताडून पाहावे. ते कलते दिसले तर कडे वाकडे आहे. ते आत्ताच सोडवून पुन्हा लावावे, कारण इथला एक अंश आकाशात फार महाग पडतो.

वरचा कप्पा

दुसऱ्या बाटलीचा तळ कापून टाकून तिचा तोंडाकडचा भाग घ्यावा. हा भाग दाबाच्या बाटलीच्या तळावर घट्ट सरकतो, कारण तळ खाली निमुळता होत गेलेला असतो. तोंडाचा आटा कापून टाकावा आणि त्या जागी अर्धा कापलेला रबरी चेंडू टेपने बसवावा. सोसायटीच्या गच्चीवर आणि पन्हळींत असे चेंडू हमखास सापडतात. टोकाला लाकूड, धातू किंवा कडक प्लास्टिक लावू नये. उद्या पॅराशूट उघडले नाही, तर जमिनीवर किंवा कुणाच्या खांद्यावर आधी टेकणार आहे ते हेच टोक.

कप्प्याच्या बाजूला ८ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच खिडकी कापावी. तिचे दार तिसऱ्या बाटलीच्या उरलेल्या भागातून, चारी बाजूंनी एकेक सेंमी मोठे कापावे आणि खालच्या कडेला टेपची बिजागरी करावी. दाराच्या आत, पॅराशूटच्या मागे, बाटलीच्याच प्लास्टिकची एक पट्टी कमानीसारखी वाकवून बसवावी. दार सुटले की ती ताठ होऊन घडी बाहेर ढकलते.

माझ्या पहिल्या रॉकेटात ही खिडकी नव्हती. टोक नुसते सैल ठेवले होते, म्हणजे माथ्यावर वेग संपला की ते आपोआप गळून पॅराशूट निघेल. तोल साधण्यासाठी वजन मात्र मी त्या सैल टोकातच भरले होते. पाणी संपताच हलक्या धडाला हवेने मागे ओढले, जड टोक तसेच पुढे धावले आणि दोघे ऐन वेगात असताना कापड बाहेर आले. आठांपैकी पाच दोऱ्या तुटल्या. सैल टोकाची पद्धत चालते, पण टोक हलके असेल तरच, आणि हलके टोक ठेवले तर तोल बिघडतो. या कोंडीतून सुटण्यासाठी मी बेडकाकडे वळलो.

बेडकाचे घड्याळ

चावी दिली की टुणटुण उड्या मारणारा प्लास्टिकचा बेडूक किंवा कोंबडी यात एक लहानशी पेटी असते. मोडलेल्या खेळण्यातलीही चालते, फक्त चावी भरता आली पाहिजे. बाहेरचे कवच स्क्रू काढून उघडावे आणि पाय कापून टाकावेत. या पेटीचा आपल्याला उपयोगी पडणारा गुण असा, की चावी देताना आपण जे बटण फिरवतो तेच बटण स्प्रिंग उलगडताना उलट्या दिशेने हळूहळू फिरते. बटणावर मार्करचा ठिपका देऊन मोबाईलवर चित्रफीत घ्यावी आणि एका फेऱ्याला किती वेळ लागतो ते पाहावे. माझ्याकडच्या पेटीला अडीच सेकंद लागतात. प्रत्येक खेळण्याचा वेळ वेगळा निघतो. पाय काढले की वेग वाढतो, तेव्हा मोजणी पाय काढल्यानंतरचीच धरावी.

बटणाच्या कडेवर जुन्या रिफिलचा एक सेंमीचा तुकडा खुंटीसारखा, किंचित बाहेर कललेला चिकटवावा. ही पेटी बाटलीचा भाग नसल्यामुळे इथे गरम गोंद चालतो. पेटी कप्प्यात खिडकीच्या शेजारी दुहेरी टेपने बसवावी आणि बटण बाहेर येईल इतके भोक ठेवावे. आता एक रबर बँड खिडकीच्या एका बाजूला पक्का करून तो दारावरून आणावा. त्याच्या दुसऱ्या टोकाला जाड दोरा बांधून दोऱ्याच्या शेवटी फास करावा. हा दोरा बटणाभोवती एक वेढा घेऊन खुंटीत अडकतो. खुंटी दोऱ्याच्या ओढीच्या विरुद्ध बाजूला कललेली असते तोवर फास सुटत नाही. बटण फिरत फिरत वेढा उलगडते, खुंटी ओढीच्या दिशेला येते आणि फास स्वतःहून घसरतो. टिक, टिक, टिक आणि मग प्लास्टिकच्या दाराचा लहानसा फटका, हा आवाज घरात पन्नासदा ऐकल्याशिवाय मैदानावर जाऊ नये.

वेळ किती ठेवावा? रॉकेट ४५ मीटर चढायचे तर माथ्यावर पोचायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. माथ्याच्या अर्धा सेकंद आधी किंवा नंतर वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर असतो, त्याने काही बिघडत नाही; दीड सेकंद चुकला तर तोच वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जातो आणि शिवण उसवते. मी सव्वातीन सेकंद ठेवतो. वेढा पाव फेऱ्याने कमी-जास्त करून तो साधता येतो.

घड्याळ सुरू व्हावे ते उड्डाणाच्या क्षणी. त्यासाठी खराट्याचा एक हीर घेऊन तो कप्प्याच्या भोकातून असा आत घालावा की खुंटी त्याला अडून थांबेल, आणि हिराच्या बाहेरच्या टोकाला बांधलेला अर्धा मीटर दोरा, रॉकेट जिच्यावरून सुटते त्या प्रक्षेपण फळीला (ती पुढे येते) गाठ मारून ठेवावा. रॉकेट उठले की हीर खालीच ओढला जातो आणि बटण मोकळे होते. एकदा मी हीर घातला आणि दोरा फळीला बांधायचा विसरलो. हिरासकट गेलेले रॉकेट हिरासकट परत आले, टोक खाली करून, आणि अर्ध्या चेंडूने मातीत वाटीएवढा खळगा पाडला. तेव्हापासून दोऱ्याची गाठ तपासण्याचे काम मी दुसऱ्या माणसाकडे दिले आहे आणि त्याने मोठ्याने ‘गाठ आहे’ म्हटल्याशिवाय पंपाला हात लावत नाही.

छत्रीचे पॅराशूट

साध्या आठ काड्यांच्या छत्रीचे कापड उसवून काढल्यावर साधारण ९० ते १०० सेंमी व्यासाचे निघते. ते सगळे वापरण्याचा मोह होतो, पण पाव किलोच्या रॉकेटाला ते फार मोठे आहे. ९० सेंमी व्यासाला उतरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर पडतो, म्हणजे ४५ मीटरवरून खाली यायला १५ सेकंद, आणि तेवढ्यात मंद वाऱ्यानेही ते कुंपणापलीकडच्या गुलमोहरावर जाऊन बसते. ६० सेंमी व्यासाला हाच वेग साडेचार मीटरच्या आसपास येतो. एखादी वस्तू मीटरभर उंचीवरून पडावी तितकाच तो मार असतो आणि आपले कडे तो सहज सोसते.

म्हणून आठही शिवणींवर मध्यापासून ३० सेंमीवर खूण करून कापड अष्टकोनी कापावे आणि कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून भरकन फिरवून बंद करावी. पाकळ्यांच्या शिवणी तशाच राहू द्याव्यात, दोऱ्यांचा ताण त्याच घेतात. मध्यभागी, जिथून छत्रीचे टोक बाहेर येते, तिथे आयतेच भोक असते. नव्या पॅराशूटला असे भोक मुद्दाम करावे लागते. कोंडलेली हवा त्यातून निघून गेली की पॅराशूट डुलत नाही. आठ शिवणींच्या टोकांना ७० सेंमी लांबीच्या आठ जाड सुती दोऱ्या बांधाव्यात आणि त्या एका जुन्या किल्लीच्या कडीत एकत्र आणाव्यात. पतंगाचा मांजा कधीही वापरू नये. कडीपासून एक मजबूत दोरी कप्प्याच्या आतून दाबाच्या बाटलीभोवती गुंडाळलेल्या टेपपर्यंत न्यावी, म्हणजे सगळे रॉकेट एकत्र लटकते.

तोल

पॅराशूट घडी घालून आत ठेवून, पाणी न भरता, रॉकेट बोटावर आडवे तोलून पाहावे आणि ती जागा मार्करने खुणावावी. मग सकाळच्या उन्हात गॅलरीतल्या भिंतीशी पुठ्ठा धरून त्यावर रॉकेटची बाजूने पडणारी सावली रेखावी, ती कापावी आणि तो पुठ्ठाही बोटावर तोलावा. पहिली खूण वजनाचा मध्य दाखवते, दुसरी हवेच्या दाबाचा मध्य ढोबळपणे दाखवते. वजनाचा मध्य टोकाच्या बाजूला निदान सहा-सात सेंमी पुढे हवा. माझ्या रॉकेटात टोकापासून या दोन जागा २७ आणि ३५ सेंमीवर येतात. अंतर कमी पडले तर चेंडूच्या आत मुलांच्या खेळण्याची मऊ क्ले भरावी. माझ्या रॉकेटाला पन्नासेक ग्रॅम लागली. शाडू मातीही करून पाहिली, पण ती वाळली की दगड होते आणि टोकात दगड नको.

पुठ्ठ्यावर विश्वास नसेल तर वजनाच्या मध्यावर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवावे. टोक पुढे ठेवून फिरले तर ते आकाशातही तसेच जाईल.

प्रक्षेपक

नळकामाच्या दुकानात जाताना बाटली बरोबर न्यावी. दुकानदार प्रश्न विचारील, त्याला खरे सांगावे, तो अधिक रस घेऊन सामान काढून देतो. पांढरा, अर्धा इंची, शेड्यूल ८० चा यूपीव्हीसी पाईप हवा. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असल्यामुळे तो बाटलीच्या तोंडात जेमतेम सैल बसतो. गरम पाण्यासाठीचा पिवळट सीपीव्हीसी पाईप अर्धा इंचीच म्हणवतो, पण तो १५.९ मिमीचा असतो आणि आपल्या कामाचा नाही.

पाईपाच्या २५ सेंमी तुकड्याच्या खालच्या टोकाला कपलर, म्हणजे पाईप जोडायचा सांधा, चिकटवावा. बाटलीचे तोंड या कपलरवर टेकते. कपलरच्या वर एक सेंमीवर कानशीने अडीच मिमी रुंद, दीड मिमी खोल खाच गोल फिरवून करावी आणि तीत १८ मिमी आतल्या व्यासाची, २ मिमी जाडीची ओ रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बसवावी. हे काम घाईचे नाही. पाईप बोटांत फिरवत, खाचेची खोली वारंवार पाहत, अर्धा तास द्यावा. साऱ्या प्रक्षेपकाची हवाबंदी या एका खाचेवर आहे. ओ रिंगला थोडे खोबरेल लावून बाटली दाबली असता ती किंचित जोर लावून आत गेली पाहिजे.

आता आठ ते दहा केबल टाय, ४.८ मिमी रुंदीचे, डोकी वर करून कपलरभोवती उभे रचावेत आणि होज क्लिपने आवळावेत. बाटली बसवल्यावर प्रत्येक टायचे डोके बाटलीच्या गळ्यावरच्या कड्याच्या वर येऊन अडकले पाहिजे. ही डोकी आत दाबून धरण्यासाठी त्यांवरून दीड ते दोन इंची पाईपाचा सहा सेंमी तुकडा सरकतो. नेमका कोणता बसतो ते दुकानातच पाहून घ्यावे. या तुकड्याला समोरासमोर दोन भोके पाडून दोरी बांधावी. दोरी खाली ओढली की तुकडा उतरतो, डोकी मोकळी होतात आणि रॉकेट सुटते. ६० पीएसआयला बाटली १५ किलोच्या जोराने वर निघू पाहत असते, तरीही ही साधी युक्ती तिला धरून ठेवते आणि दोन बोटांच्या ओढीने सोडते.

कपलरच्या खाली एल्बो, मग छोटा पाईप आणि त्याच्या टोकाला ८ मिमीच्या नळीचे पुश फिटिंग लावावे. तिथून पाच मीटर लांबीची, हवेच्या यंत्रांसाठी मिळणारी पीयू नळी न्यावी. वागळे इस्टेटच्या परिसरात ती मीटरवर मिळते. नळीच्या दुसऱ्या टोकाला दहा सेंमीचा बंद पाईप आणि त्याच्या टोपीत साडेअकरा मिमीचे भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आतून ओढून बसवावा. पंक्चरवाला तो बसवूनही देतो. पंप या टोकाला लागतो. याचा मोठा फायदा हा, की उड्डाण रद्द करायचे झाले तर बाटलीजवळ न जाता व्हॉल्व्हची पिन दाबून सगळी हवा सोडता येते. सांधे सॉल्व्हंट सिमेंटने जोडून पूर्ण चोवीस तास वाळू द्यावेत. पीव्हीसी पाईप दाबाच्या हवेसाठी बनवलेला नसतो, तडकला तर त्याचे तुकडे उडतात; म्हणून उघड्या पाईपावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून दोन थर गुंडाळावेत आणि प्रक्षेपक उन्हात पडू देऊ नये.

सगळे एका जुन्या ड्रॉवरच्या प्लायवर क्लिपांनी पक्के करावे. चार कोपऱ्यांच्या भोकांतून छत्रीच्या काड्या दुहेरी वाकवून जमिनीत खुपसल्या की फळी हलत नाही. छत्रीचे एवढेच उरले होते.

घरची चाचणी

मैदानावर जाण्यापूर्वी बाटली काठोकाठ पाण्याने भरून प्रक्षेपकावर चढवावी आणि बाथरूममध्ये, दार लोटून, बाहेरून पंप मारून ८० पीएसआयपर्यंत न्यावी. पूर्ण पाणी भरलेले असताना बाटली फुटली तरी नुसती भसकन पाणी सोडते, कारण दाबलेल्या हवेसारखी ऊर्जा पाणी साठवत नाही. पाच मिनिटे काटा खाली आला नाही, तरच ती बाटली ६० पीएसआयच्या लायक समजावी. एकदा नवी ओ रिंगच सदोष निघाली होती आणि ते मैदानावर नव्हे, इथेच कळले.

जागा आणि वेळ

सोसायटीचे आवार, गच्ची आणि रस्ता या तिन्ही जागा वर्ज्य. निदान १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद मोकळी जमीन हवी, वर विजेच्या तारा नकोत, आणि शाळेचे किंवा पालिकेचे मैदान असेल तर आधी परवानगी घ्यावी. येऊर मोकळे वाटते, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ऐरोलीपासून खाडीकाठाने जाणारा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ पासून रामसर स्थळ म्हणून नोंदलेला आहे. हिवाळ्यात तिथे पक्षी उतरलेले असतात, तेव्हा त्या काठावर काहीही उडवू नये. उलवे आणि पनवेलच्या बाजूला आता विमानतळ सुरू झाला आहे, तोही परिसर टाळावा.

दिवाळी ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून नऊच्या आत आटोपावे. रविवारी एकाच मैदानावर क्रिकेटचे तीन-चार सामने एकमेकांत घुसलेले असतात, तेव्हा शनिवारी पहाटेच जावे. उदबत्ती लावून धुराची दिशा पाहावी. धूर आडवा पडत असेल तर चहा पिऊन परत यावे.

उड्डाण

चावी भरावी, हीर घालावा, पॅराशूट सैल घडीत ठेवून दार लावावे आणि मग दोऱ्याचा फास लावावा. कापडावर बोटभर टाल्कम पावडर चोळली की ओलसर हवेतही घड्या चिकटत नाहीत. मग टोक खाली धरून बाटलीत ६०० मिलिलिटर पाणी ओतावे. प्रक्षेपक उलटा करून त्यात घुसवावा, टायवरचा तुकडा वर चढवावा आणि दोघांनी मिळून सगळे सरळ उभे करावे. आतला पाईप पाण्याच्या पातळीच्या वर असल्यामुळे पाणी नळीत उतरत नाही. फळी काड्यांनी रोवून हिराचा दोरा बांधावा आणि गाठ तपासून घ्यावी.

पंप मारणाऱ्याने गॉगल घालावा. तो नळीच्या टोकाला, पाच मीटरवर असतो. बाकी सर्वांनी किमान पंधरा मीटर मागे, सूर्याकडे पाठ करून उभे राहावे. दाब भरल्यानंतर बाटलीकडे कोणीही जायचे नाही, पाणी गळत असले तरी नाही. पहिले उड्डाण ३० पीएसआयला करावे आणि त्यात घड्याळाचा वेळही कमी ठेवावा, कारण माथा लवकर येतो. ते सरळ गेले तर ४५, मग ६०. त्यापुढे जाण्याची गरज नाही. दोरी ओढण्यापूर्वी पाचपासून उलटे मोजावे, तेही ओरडून. मैदानाच्या कडेने फिरायला आलेले आजोबा त्या मोजणीने थांबतात आणि बहुधा तिथेच उभे राहून पुढची तीन उड्डाणे पाहतात.

उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या मध्यावर दोरा आणि टोकाला नट बांधून, सरळ कडेवरून माथ्याकडे नजर लावावी आणि दोरा किती अंश ढळला ते वाचावे. ४० मीटर दूर उभे राहिल्यास ४५ अंशांना उंची ४० मीटर येते, त्यात डोळ्यांच्या उंचीचे दीड मीटर मिळवावेत. माझे आजवरचे सर्वांत चांगले वाचन ४७ अंशांचे, म्हणजे साधारण ४४ मीटरचे आहे. पाणी ८०० मिलिलिटर केले तेव्हा ते कमी झाले आणि ४०० केले तेव्हाही कमीच. बाटलीच्या पाव ते तिसऱ्या भागादरम्यान पाणी ठेवावे.

घरी आल्यावर कापड दोरीवर पसरून पूर्ण वाळवावे, नाहीतर पुढच्या खेपेला ते बुरशीच्या वासासकट आणि घट्ट घडीतच बाहेर पडते. बाटली उघडी, तोंड खाली करून ठेवावी. बेडकाच्या पेटीतली उरलेली चावी मोकळी फिरू द्यावी. ताणून ठेवलेली स्प्रिंग महिन्याभरात सैल पडते आणि सव्वातीन सेकंदांचे घड्याळ चार सेकंदांवर जाते.